‘काका, ते हिरवं झाड कुठंय?’

वाचकाचं पत्र, थोडक्यात :
भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ३४ वर्षं काम करून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले, पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहणारे एक वाचक लिहितात. वय ६१. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिल्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली. ‘याला अभिनवला घाला’, म्हणजे पुण्यातल्या अभिनव कला महाविद्यालयात, असं चित्रकलेच्या सरांनी वडिलांना सांगितलं होतं. पण घरची ओढाताण पाहून त्यांनी आयटीआयचा रस्ता धरला. निवृत्तीनंतर मुलीनं ॲक्रिलिक रंगांचा संच आणून दिला. तेव्हापासून मोबाइलवरचे फोटो आणि व्हिडिओ बघून घरी वीसेक निसर्गचित्रं झाली, नातेवाइकांना ती आवडलीही. गेल्या फेब्रुवारीत धीर करून ते तळजाईच्या टेकडीवर गेले. साडेदहाचं ऊन, वारा. रंग पॅलेटवरच वाळले, सावल्या सरकत राहिल्या, फिरायला आलेले लोक भोवती जमले. त्यातल्या एका सात-आठ वर्षांच्या मुलानं विचारलं, ‘काका, ते हिरवं झाड कुठंय?’ सामान गुंडाळून ते घरी आले, ते परत गेलेच नाहीत. आता दोन वर्षं घरीच फोटोंवरून हात पक्का करावा, क्लास लावावा, ‘खरे चित्रकार वापरतात’ ते तैलरंग शिकावेत आणि मगच बाहेर पडावं, असं त्यांच्या मनात आहे. पण पत्नीला दमा आहे, घर दोन खोल्यांचं आहे आणि टर्पेंटाइनचा वास तिला सोसणार नाही. तैलरंग की ॲक्रिलिक, आधी घरची तयारी की थेट बाहेर, आणि या वयात हे सुरू करण्यात अर्थ आहे का, असं ते विचारतात.

नमस्कार.

तुमच्या पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले ती त्या मुलाच्या प्रश्नापाशी. तुम्ही तो एका ओळीत उरकलात आणि पुढच्याच ओळीत सामान आवरलंत. मला मात्र त्या सकाळची सगळ्यात मोलाची गोष्ट तीच वाटते.

फेब्रुवारीतली तळजाई डोळ्यांसमोर आणा. वनखात्यानं तिथं लावलेला ग्लिरिसिडिया, ज्याला आपल्याकडे गिरिपुष्प किंवा उंदीरमारी म्हणतात, त्या दिवसांत बहुतेक निष्पर्ण असतो. उघड्या करड्या फांद्या आणि त्यांना लगडलेले फिकट गुलाबी-जांभळट घोस. खाली गवत वाळून पिवळं-तपकिरी. अशा माळावर गोल गरगरीत हिरव्या पानांचं झाड तुमच्या कॅनव्हासवर आलं कुठून? मला वाटतं, ते घरून आलं. वीस चित्रांत वीस वेळा काढून ते हाताला पाठ झालं होतं. रंग वाळतायत, लोक बघतायत अशा घाईत हातानं पाठ असलेलं म्हणून दाखवलं. त्या पोराला तुमची चूक काढायची नव्हती. चित्रातलं झाड समोर कुठं दिसतंय, हे तो खरोखरच शोधत होता.

म्हणून तुमच्या दोन वर्षांच्या बेताची मला काळजी वाटते. आणखी दोन वर्षं फोटोवरून काम केलंत तर हात नक्की सफाईदार होईल, पण ते पाठ झालेलं झाडही तितकंच पक्कं होईल. बाहेरची तयारी घरी पुरी होत नाही, कारण बाहेर जे शिकायचं असतं ते फोटोत उरलेलंच नसतं. कॅमेरा एका क्षणी एकच हिशेब करतो. आकाश सांभाळायला गेला तर सावल्या काळ्या ठिक्कर होतात, सावल्या उघडायला गेला तर आकाश पांढरं फटक पडतं. हल्लीचे मोबाइल दोन्ही सांभाळतात, पण मग सगळीकडे सारखाच उजेड पसरतो. उन्हातल्या झाडाखाली उभं राहून बघा. सावली काळी दिसत नाही. तिच्यावर वरच्या आकाशाचा निळसर उजेड पडलेला असतो, बाजूच्या उन्हातल्या मातीची तांबूस झाक आत शिरलेली असते. फोटोवरूनच शिकलेल्या मंडळींच्या सावल्या मी लांबून ओळखते. त्या काळ्या रंगाच्या ट्यूबमधून आलेल्या असतात.

आता तुमच्या कामाच्या भाषेत बोलते. तळजाईवरच्या चित्राकडे तुम्ही फायनल इन्स्पेक्शनसारखं पाहिलंत, पास की रिजेक्ट. पण जागेवर रंगवायला जाणं म्हणजे मोजमाप घ्यायला जाणं. साइटवर मापं घ्यायला गेलेल्या माणसानं येताना तयार पार्ट घेऊन यावा, अशी अपेक्षा तुम्ही कधी केली होती का? मापं वहीत येतात, पार्ट नंतर घडतो. बाहेरून आणायचं ते टिपण. आकाश आणि डोंगर यांत जास्त उजळ काय होतं, किती होतं. जवळचं गवत आणि लांबचं गवत यांच्या रंगात फरक किती. सावलीची कड कुठं धारदार होती आणि कुठं विरघळली. एवढं उतरलं की त्या सकाळचं काम झालं. भिंतीवर लावायचं मोठं चित्र हवं असेल तर घरी बसून ते अशा चार टिपणांवरून करा. शेजारी फोटोही ठेवा, तेव्हा त्याचं काही बिघडत नाही, कारण तो कुठं चुकतोय हे टिपण तुम्हाला सांगत असतं.

त्या मोजमापासाठी तुमच्याकडे बहुतेकांपेक्षा चांगली शिस्त आहे. डायल गेज तुम्ही आयुष्यभर वापरलात. ते नुसतं आकारमान सांगत नाही, मास्टरच्या म्हणजे प्रमाण मानलेल्या नमुन्याच्या तुलनेत फरक किती ते सांगतं. छटांचंही तसंच आहे. डोळे बारीक करा, पापण्यांच्या फटीतून बघा, बारीकसारीक तपशील गळून जातील. मग समोरची सगळ्यात गडद जागा शोधा, तो तुमचा मास्टर. बाकी प्रत्येक गोष्ट त्याच्याशी ताडून बघा : यापेक्षा किती उजळ? रंग लावण्याआधी पेन्सिलीनं काडेपेटीएवढ्या चौकटीत गडद, मध्यम, उजळ अशा तीनच छटांत समोरचा देखावा मांडा. दोन मिनिटांचं काम आहे. ही चौकट जमली नाही तर पुढे कितीही सुंदर रंग लावले तरी चित्र उभं राहत नाही, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

सावल्या सरकल्या म्हणून तुम्ही हताश झालात. सूर्य ताशी १५ अंश सरकतो, तो कुणासाठी थांबणार नाही. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांचे आकार पक्के करायचे आणि नंतर त्या पळाल्या तरी त्यांच्यामागे जायचं नाही. एकदा ठरलेली सावली त्या चित्रापुरती कायम. तासाभरात एवढं साधायचं तर चित्र लहान हवं. तुमचा कॅनव्हास १६ बाय २० इंचांचा होता असं तुम्ही लिहिलं आहे. पहिल्या दिवसासाठी तो फारच मोठा. ६ बाय ८ इंचांवर या. वेळही बदला. साडेदहाला ऊन डोक्यावर येऊ लागतं, सावल्या आखूड होतात, सगळं सपाट दिसतं. सकाळी सात ते नऊ किंवा संध्याकाळचे शेवटचे दोन तास, तेव्हा तिरप्या उजेडात टेकडीची प्रत्येक घडी दिसते. आपले डोंगर बसाल्टच्या थरांचे, त्यांचे आडवे पायऱ्या-पायऱ्यांचे कडे या वेळी नीट वाचता येतात.

एक चूक मी स्वतः केलेली सांगते, म्हणजे तुमची टळेल. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर मी भर मे महिन्यात रंगवायला बसले होते आणि कॅनव्हासवर थेट ऊन येत होतं. तिथं चित्र लख्ख दिसत होतं. घरी आणून भिंतीला टेकवलं तर सगळं काळवंडलेलं. उन्हात प्रत्येक रंग आहे त्यापेक्षा उजळ दिसतो, म्हणून आपण नकळत गडद मिसळत जातो. कॅनव्हास आणि पॅलेट दोन्ही सावलीत हवेत. छत्री घेतलीत तर रंगीबेरंगी नको, तिची झाक चित्रावर उतरते. भडक रंगाचा शर्टही नको, त्याच कारणासाठी.

आता रंगांचं. तैलरंग ‘खरे’ आणि ॲक्रिलिक दुय्यम, हे डोक्यातून काढून टाका. तैलरंग घेऊन चित्रकार मोठ्या संख्येनं घराबाहेर पडले, त्यामागे एक साधा शोध होता. १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानं रंगासाठी धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी कालवलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. ती फुटायची, आणि एकदा टोचली की रंग टिकायचा नाही. चित्रकाराला बाहेर नेलं ते झाकण असलेल्या ट्यूबनं. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग बाजारात आले ते १९५० च्या दशकात. आणि आपल्याकडची निसर्गचित्रणाची मोठी परंपरा तर जलरंगांतली आहे. माध्यम निवडताना मान कशाला जास्त हे बघू नका. आपलं घर, आपली हवा आणि आपला स्वभाव बघा.

तुमच्या घरात दम्याचा रुग्ण आहे, तेव्हा माझं उत्तर स्पष्ट आहे : ॲक्रिलिकच. तैलरंगांतला मुख्य त्रास रंगापेक्षा टर्पेंटाइनचा, आणि ‘वास नसलेलं’ म्हणून मिळणारं द्रावणही वाफा सोडतंच. वास येत नाही म्हणून ती वाफ निरुपद्रवी ठरत नाही. उद्या तैलरंगांची ओढ फारच वाटली तर पाण्यानं धुता येणारे तैलरंग मिळतात. ते महाग आहेत आणि प्रत्येक दुकानात नसतात, पण त्यांना टर्पेंटाइन लागत नाही. तरी वहिनींना विचारल्याशिवाय तेही घरात आणू नका.

ज्यांच्या घरी अशी अडचण नाही त्यांच्यासाठी थोडं लिहिते. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, त्याला दिवस लागतात. त्यामुळे सकाळभर रंग ओला राहतो, आकाशाची कड डोंगरात अलगद मिसळता येते. हे सुख मोठं आहे. पण ओलं चित्र स्कूटरवरून घरी आणायचं कसं, याचा आधी विचार लागतो. दोन फळ्या समोरासमोर ठेवून चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे घालायचे आणि बांधायचं. आणि एक गोष्ट कृपा करून गांभीर्यानं घ्या. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगळून एका जागी टाकू नका. तेल ऑक्सिजन घेतं तेव्हा उष्णता सुटते, बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या पसरून वाळवा किंवा झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. टर्पेंटाइन मोरीत ओतू नका.

तुमच्या ॲक्रिलिकचं तळजाईवर झालं ते अगदी अपेक्षित होतं. त्यातलं पाणी उडालं की रंगातल्या चिकट घटकाचे कण एकमेकांत जुळून पापुद्रा होतो आणि मग तो पाण्यानं पुन्हा मोकळा होत नाही. फेब्रुवारीतली पुण्याची कोरडी हवा, त्यात ऊन आणि वारा, म्हणजे पाणी उडायला काही मिनिटं पुष्कळ. उपाय घरातच आहे. झाकणाचा एक पसरट डबा घ्या. तळाला जुन्या सुती कापडाची घडी चांगली ओली करून अंथरा, वर बेकिंगचा बटर पेपर. रंग त्यावर काढा. कागदातून ओल वर येत राहते आणि रंग सकाळभर मऊ राहतो. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही चालतो. रंग पसरून न ठेवता जाड रेघेसारखा काढा, पातळ थर आधी वाळतो. पाण्याची फवारणीची बाटली जवळ हवी. ब्रश सतत पाण्यात किंवा हातात, फडक्यावर विसरलात तर तो गेला म्हणून समजा. आणखी एक : ॲक्रिलिक ओलं असताना त्यातला चिकट घटक दुधी असतो, वाळल्यावर पारदर्शक होतो, त्यामुळे रंग वाळून किंचित गडद होतो. फळीच्या कडेला ठिपका लावून, वाळू देऊन बघायची सवय लावा. लवकर वाळण्याचा फायदाही आहे. चूक झाली तर पाच मिनिटांत तिच्यावरून जाता येतं, आणि घरी येताना ओल्या चित्राची काळजी नाही.

रंग कमी घ्या. टायटॅनियम पांढरा, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्रिमसन आणि अल्ट्रामरीन. तयार हिरवा मुद्दाम सांगत नाही. अल्ट्रामरीन आणि ऑकर यांचा हिरवा आपल्या टेकड्यांच्या जवळ जातो, ट्यूबमधला हिरवा रंग इथल्या कुठल्याच झाडाचा नसतो. काळाही नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून काळ्याच्या जवळचा गडद रंग मिळतो, आणि त्यात पांढरा घातलात की सिंहगडाच्या दिशेच्या लांबच्या डोंगरांचे कितीतरी निळे-करडे. डोंगर जितका लांब तितकी मधली हवा जास्त, तितका तो निळा आणि फिका.

या लहान चित्रांना महागडा कॅनव्हास लागत नाही, फळ्या चालतात. टिंबर मार्केटमधून किंवा जवळच्या प्लायवूडच्या दुकानातून एमडीएफचे तुकडे कापून आणा, जेसोचे, म्हणजे रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात लावा आणि वरून ऑकर-सिएनाचा पातळ हात फिरवा. कोऱ्या पांढऱ्यावर छटा ताडणं अवघड जातं, मातकट पृष्ठभागावर सोपं. अशा वीस फळ्या बुटांच्या खोक्यात मावतात, म्हणजे वहिनींची जागेची तक्रारही मिटेल.

आणि पेटी विकत घेऊ नका. तुम्ही टूलरूमचे आहात, ती तुम्हीच बनवायला हवी. कॅमेऱ्याच्या साध्या ट्रायपॉडवर बसेल अशी, झाकण उघडलं की फळी धरणारी आणि खाली पॅलेट असणारी पेटी. ट्रायपॉडचा स्क्रू पाव इंची, इंचाला २० आटे. तेवढ्याचं नट पेटीच्या तळात बसवलं की झालं. बिजागरी घट्ट ठेवा, झाकण हव्या त्या कोनात थांबलं पाहिजे. ट्रायपॉडच्या मधोमध पाण्याची बाटली टांगली की टेकडीवरच्या वाऱ्यात तो हलत नाही. ती पेटी तयार होईल तेव्हा फोटो मला जरूर पाठवा, मला तिची खरंच उत्सुकता आहे.

लोकांचं काय करायचं? पुण्यात टेकडीवर सकाळी माणसं असणारच, आणि चित्र काढणाऱ्याभोवती ती थांबणारच. पाठ भिंतीला किंवा कुंपणाला लावून उभे राहा, निम्मा प्रश्न तिथंच संपतो. कुणी विचारलं तर ‘शिकतोय’ एवढं पुरे. हा शब्द ऐकल्यावर बहुतेक माणसं एकदम मायेनं बोलतात. एकटं जाणं जड वाटत असेल, विशेषतः हे वाचणाऱ्या बायकांना, तर दोघी-तिघी मिळून जा. रविवारी सकाळी नदीकाठी आणि जुन्या पेठांत स्केचबुक घेऊन बसलेली मंडळी दिसतात. शेजारी बसू का म्हणून विचारायला संकोचू नका. देवळात, वाड्यात किंवा संरक्षित वास्तूत ईझल (चित्र ठेवायची घोडी) उभारण्याआधी विचारून घ्या, लष्करी हद्दीजवळ मांडूच नका.

क्लास लावायचा तर विद्यार्थ्यांना बाहेर नेणारा शिक्षक शोधा आणि तो स्वतः त्यांच्याबरोबर उभा राहून रंगवतो का, तेही बघा. वयाबद्दल मी फार लिहीत नाही. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवणारा हात तुमच्याकडे आहे, निवृत्तीनं सकाळी दिल्या आहेत. त्या सरांचं म्हणणं तेव्हा ऐकता आलं नाही याची टोचणी पत्रात ओळीओळीला जाणवते, म्हणूनच कदाचित पहिल्याच सकाळी तुम्ही स्वतःकडून एवढं मागितलंत. थोडं कमी मागा.

जागा मात्र एकच धरा. आबालाल रहिमान यांच्यासारख्या थोर चित्रकारानं कोल्हापुरात कोटितीर्थाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. तुमच्यासाठी तळजाईच ठेवा. आता पाऊस सरला आहे, गवत हिरव्यातून सोनेरी व्हायला लागलंय, आणि हा बदल आठवड्या-आठवड्यानं दिसतो. आठवड्यातून दोन सकाळी, प्रत्येकी एक फळी, पन्नास मिनिटं. मागच्या बाजूला तारीख, वेळ आणि ऊन कुठल्या अंगानं होतं एवढं लिहा. फेब्रुवारीपर्यंत तीसेक टिपणं जमतील.

तो फेब्रुवारीतला मोठा कॅनव्हास फेकला नसेल अशी आशा आहे. ॲक्रिलिकवर पुन्हा ॲक्रिलिक चढतं. गिरिपुष्प फुललं की तो घेऊन त्याच जागी जा आणि त्या हिरव्या झाडाच्या जागी नेमकं काय उभं आहे ते बघून रंगवा.